यंत्राच्या व्याकरणाची डागडुजी



संगणकाला मराठी कळत नाही, इंग्रजीही कळत नाही. त्याला कळतात त्या फक्त शून्य आणि एक या दोन आकड्यांत मांडलेल्या आज्ञा. माणसाने वाचता येईल अशा भाषेत काम लिहून द्यावे आणि कोणी तरी मध्ये बसून त्याचे यंत्राच्या बोलीत रूपांतर करावे, अशी सोय झाल्यावाचून संगणकाचा प्रसार झालाच नसता. या मधल्या दुभाष्याला कंपायलर म्हणतात. अमेरिकेत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली फोरट्रान या भाषेचा कंपायलर तयार केला, तेव्हापासून या दुभाष्याचा प्रसार होऊ लागला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू झाला. तेथेच १९६४ साली मोठे परदेशी यंत्र आले, आणि फोरट्रानमध्ये लिहिणारे लोक इकडेही तयार होऊ लागले.

आता हा दुभाष्या काम कसे करतो? शिक्षकबंधूंना हे सांगावयास फार वेळ लागणार नाही, कारण तेच काम ते वर्गात करून घेतात. वाक्यपृथक्करण! ‘कर्जतच्या शेतकऱ्याने खाचरात रोपे लावली’ हे वाक्य घ्या. मुलगा सांगतो : उद्देश्य ‘शेतकऱ्याने’, त्याचा विस्तार ‘कर्जतच्या’, विधेय ‘लावली’, कर्म ‘रोपे’, विधेयाचा विस्तार ‘खाचरात’. म्हणजे एका ओळीत मांडलेले शब्द त्याने उचलले आणि कोण कोणाच्या आश्रयाने उभा आहे ते दाखविले. हे फळ्यावर काढले तर उलटे धरलेले झाड दिसते. वर खोड, खाली फांद्या, शेवटी पाने. कंपायलरही प्रथम हेच करतो. या झाडाला आपण वाक्यवृक्ष म्हणू आणि फांद्या फुटतात त्या जागांना गाठी म्हणू.

हे झाड नुसते शोभेचे नाही, बरं का. समजा गाडीभाडे २०० रुपये, आणि ५ पोत्यांची हमाली पोत्यामागे ४० रुपये. लिहावयाचे २०० + ५ × ४०. ‘कंचेभागुबेव’ पाठ असलेला मुलगा आधी गुणाकार करील आणि उत्तर ४०० काढील. जो डावीकडून सरळ वाचीत सुटेल तो २०५ ला ४० ने गुणील आणि ८,२०० रुपयांचे बिल हाती देईल! अक्षरे तीच, आकडे तेच; चुकले ते झाड. बरोबर झाडात बेरीज वरच्या गाठीवर असते, तिच्या एका फांदीला २०० आणि दुसऱ्या फांदीला गुणाकाराची गाठ असते. त्या गाठीखाली ५ आणि ४०. झाड नीट बांधले की कंसांचीही गरज उरत नाही.

यंत्राच्या पोटातल्या या झाडावर पुढे पुष्कळ जण चढतात. एक जण नावे तपासतो, दुसरा आकड्याच्या जागी अक्षरे तर आली नाहीत ना ते पाहतो, तिसरा हिशेब थोडक्यात उरकण्याची वाट शोधतो, चौथा यंत्राच्या आज्ञा लिहितो. शिवाय प्रत्येक गाठीवर मूळ मजकुरातील ओळीचा आकडा नोंदलेला असतो, जसा जमिनीला गट नंबर. चूक सापडली की यंत्र ‘अमुक ओळीवर पाहा’ म्हणून सांगते ते याच नोंदीवरून.

इथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण पुढे येते, कारण भाषा वाढते. आज एक नवे वाक्यरूप आले, तीन वर्षांनी दुसरे. प्रत्येकासाठी नवी गाठ. आणि नवी गाठ आली की झाडावर चढणाऱ्या प्रत्येकाला तिची ओळख करून द्यावी लागते. चारांपैकी एकाला सांगावयाचे राहिले, तर तो त्या फांदीवरून मुकाट्याने पुढे जातो. आरडाओरड होत नाही, यंत्र थांबत नाही. उत्तर मात्र चुकते. असली चूक सर्वांत वाईट, कारण ती सापडावयाची दुसऱ्याच्या दारी. ज्याने आपली आज्ञावली अगदी शुद्ध लिहिली, तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो.

म्हणून जुने, वापरातले झाड मधूनमधून आवरावे लागते. पाहणाऱ्याला बाहेरून काहीच बदललेले दिसू नये, उत्तरे तीच यावीत, पण आतली मांडणी सुटसुटीत व्हावी, या कामाला फेरमांडणी म्हणतात. आपल्याकडे भाताच्या खाचरांचे बांध पावसाळ्यापूर्वी बांधून काढतात, तसेच हे. त्याने नवे खाचर होत नाही, पण बांध फुटला तर जुनेही राहत नाही. आणि वरच्या खाचरवाल्याने बांधातली पाण्याची वाट इकडची तिकडे केली, तर खालच्या चार शेजाऱ्यांना आधी कळवावे लागते. त्यांची लावणी त्याच पाण्यावर चालते ना!

याचे एक चांगले उदाहरण पायथॉन या भाषेत घडले. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केलेली ही भाषा आज शाळाकॉलेजांतून शिकवली जाते. तिच्या वाक्यवृक्षात ठाम किमतींसाठी पाच वेगळ्या गाठी होत्या : आकड्याची एक, अक्षरांच्या ओळीची दुसरी, कच्च्या बाइटांची तिसरी, ‘खरे’, ‘खोटे’ आणि ‘काहीच नाही’ यांची चौथी, तीन टिंबांच्या चिन्हाची पाचवी. पाचही पानेच; काम एकच. ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ या आवृत्तीत या पाचांची एकच गाठ केली, तिचे नाव ‘कॉन्स्टंट’.

पण जुनी नावे त्याच दिवशी पुसली का? नाही. ती तशीच चालू ठेवली, कारण जगभर लोकांनी त्या नावांवर विसंबून आपापली अवजारे केलेली होती. ऑक्टोबर २०२३ पासून, म्हणजे ३.१२ या आवृत्तीपासून, जुने नाव वापरले की यंत्र इशारा देऊ लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३.१४ आली, तेव्हा ती नावे काढून टाकली. पाच नावांची एक करावयास सहा वर्षे! कोणी म्हणेल, केवढा हा वेळकाढूपणा. पण खालच्या खाचरवाल्यांना कळवून, त्यांना हंगाम देऊन केलेले काम असेच असते.

दुसरे उदाहरण मोठ्या कामाचे आहे. ते समजावयास खालापूरच्या माणसाने खोपोलीतून घाटाकडे नजर टाकावी. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली, तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे गाडीला तोंड फिरवावे लागे. तेथे उलटे स्थानक होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग बांधून ते वळण टाळले. नवा मार्ग शेजारी बांधावयाचा, तो पक्का झाला की वाहतूक तिकडे वळवावयाची, अशी ही रीत.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम लोकांना दिलेला जी.सी.सी. हा कंपायलर पुढे अनेक भाषांचा दुभाष्या झाला. प्रत्येक भाषेचे झाड मात्र आपापल्या वळणाचे. त्यामुळे काम थोडक्यात उरकण्याच्या बहुतेक युक्त्या झाड मोडून यंत्राजवळची बोली झाल्यावर कराव्या लागत, आणि तोवर मूळ वाक्याचा घाट हरवलेला असे. तेव्हा सर्व भाषांना चालेल असे एक सामाईक झाड, आणि त्याखाली छोट्या छोट्या पायऱ्यांचे आणखी एक साधे रूप ठरविले. ‘जेनेरिक’ आणि ‘गिंपल’ ही त्यांची नावे. हे काम वेगळ्या शाखेवर चालले. २००४ साली ते मुख्य कामात मिळवले आणि २००५ च्या ४.० या आवृत्तीतून लोकांच्या हाती गेले. तोवर जुना दुभाष्या आपले काम करीतच होता. याच जी.सी.सी.ची आतली रचना विद्यार्थ्यांना उलगडून दाखविण्याचे काम आपल्या पवईच्या आय.आय.टी.त प्रा. उदय खेडकर यांनी हाती घेतले आणि त्यासाठी तेथे एक केंद्र उभे राहिले.

या साऱ्यातून काही नियम निघतात, ते थोडक्यात सांगतो. पहिला, झाडातल्या सर्व गाठींची यादी एकाच ठिकाणी असावी आणि बाकीचे तिच्यावरून तयार व्हावे. पायथॉनमध्ये अशी एक छोटी फाईल आहे. सातबारा एक, नकला अनेक. मूळच दोन झाले की भांडण ठरलेले. दुसरा, हात लावण्यापूर्वी चाचण्या लिहाव्यात : ही वाक्ये, ही उत्तरे. बदलानंतर तीच उत्तरे आली पाहिजेत. तिसरा, एका वेळी एकच पाऊल. आवराआवर आणि नवी भर एकाच दिवशी करू नये. बिघडले तर कोणत्या हाताने बिघडले ते कळत नाही. चौथा, ओळीचा आकडा हरवू देऊ नये, नाही तर चूक एकीकडे आणि बोट दुसरीकडे. आणि पाचवा, शेजाऱ्याला वेळ द्यावा.

मंडळी, आज सातबारा संगणकावर आहे, बँकेचे खाते संगणकावर आहे. त्या प्रत्येक हिशेबाखाली कुठला तरी असा दुभाष्या आहे. तो सांभाळणाऱ्यांचे नाव कोणी घेत नाही. नव्या इमारतीचा समारंभ होतो. गळके छप्पर वेळेवर शाकारणाऱ्याला हार मिळत नाही. पण घर उभे राहते ते त्याच्यामुळे.

शिक्षकबंधुभगिनींना म्हणूनच एक विनंती. व्याकरणाच्या तासाला मुले कंटाळतात, ‘याचा उपयोग काय?’ म्हणून विचारतात. त्यांना फळ्यावर २०० + ५ × ४० चे झाड काढून दाखवा. मग २०० + ५ या दोघांभोवती कंस घाला आणि झाड कसे फिरते ते त्यांनाच काढू द्या. वर सांगितलेले दोन्ही दुभाषे उघडे आहेत; त्यांचा सारा मजकूर कोणालाही विनामूल्य वाचता येतो, दुरुस्ती सुचविता येते. नेरळच्या किंवा चौकच्या शाळेतल्या मुलीला त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. लागते ती वाक्य नीट फोडण्याची सवय, आणि दुसऱ्याने बांधलेल्या बांधाविषयी आदर. या दोन्ही गोष्टी आपल्या शाळेत शिकविता येतात.