आपल्या जिल्ह्यातील सापांची ओळख



पावसाळा लागला की सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात आणि सोयाबीनची सोंगणी आटोपेपर्यंत ही रीघ सुरू राहते. पुष्कळदा रुग्णाबरोबर पिशवीत मारलेला सापही आणला जातो. तो साप शोधण्यात गेलेला वेळ आम्हांस सापाहून भयावह वाटतो. म्हणून आज सापांच्या ओळखीविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

जिवावर बेतणारे आपल्याकडील साप प्रामुख्याने चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढल्यावर ओळखू येतो. मात्र दहाचा आकडा प्रत्येक नागाच्या फण्यावर असतोच असे नाही. उंदरांमागे तो गोठ्यापर्यंत येतो. हातभर लांबीचे फुरसे कोरड्या, खडकाळ माळरानावर दगडांखाली असते आणि अंगावरील खवले घासून करवतीसारखा आवाज करते. घोणस जाडजूड, तपकिरी. पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी, आणि डिवचल्यास कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. धुऱ्यावरचे गवत, सोयाबीनची गंजी ही तिची जागा. वाकून विळा चालविणाऱ्या मजूर भगिनींचे हात नेमके तिच्या टप्प्यात येतात.

सर्वाधिक घोटाळा होतो तो मण्यार आणि कवड्या यांत. मण्यार निळसर काळा, चकचकीत. पांढरे पट्टे जोडीजोडीने, डोक्यामागे काही अंतर सोडून सुरू होणारे आणि शेपटीकडे दाट. बिनविषारी कवड्या तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. कवड्या पालींच्या शोधात भिंत चढतो. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात; घरची मंडळी अपचन समजून ओवा देतात, आणि तोवर श्वासाचे स्नायू शिथिल होऊ लागतात. अशा रुग्णास प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वसनयंत्रही लागू शकते.

दंशानंतर मात्र साप आणण्याची गरज नाही. आपल्या देशातील प्रतिविष या चारही सापांवर एकच आहे. रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवून ते गोठते की नाही हे पाहिले, तर घोणस वा फुरशाचा अंदाज येतो. लहान मुलास कमी मात्रा द्यावी असा आग्रह पालक धरतात. परंतु सापाने विष वय पाहून सोडलेले नसते, म्हणून मात्रा मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते.

2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र शासनाने मार्च 2024 मध्ये जाहीर केला. दंश झालेला अवयव हलू न देता, दोरी न आवळता, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, एवढे प्रत्येक घरी ठाऊक असावे.

देणगीदारांस एक विनंती. औषधांसाठी आपण देताच. यंदा सोंगणीपूर्वी मजूर कुटुंबांना बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि चहूबाजूंनी खोचता येईल अशी मच्छरदाणी देता आली, तर तिचा विचार व्हावा.