हवेच्या तंबूतील मोटरसायकल

धावत्या मोटरसायकलीपेक्षा उभ्या मोटरसायकलीचे हाल पुष्कळदा अधिक होतात. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ जमू नये म्हणून मीठ टाकतात. त्या मिठापासून बचाव व्हावा या हेतूने कित्येक हौशी लोक नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आपले वाहन घरालगतच्या छपरीत बंद करून ठेवतात. वसंतात दार उघडावे, तो मिठाचा स्पर्शही न झालेल्या त्या वाहनाच्या चकचकीत भागांवर तांबूस ठिपके उठलेले! रस्ता न पाहिलेले पोलाद गंजले कसे?

या कोड्याचे उत्तर हवेत आहे. २० अंश सेल्सियस उष्णमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते. ५ अंशांवर ७ ग्रॅमही मावत नाही. थंडीच्या आठवड्यात दीडदोनशे किलोंचे ते धूड पार गारठून जाते. मग अटलांटिक महासागरावरून एखादे दिवशी उबदार, दमट वारा येतो. हवा लवकर तापते, धातू सावकाश तापतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब धरावेत तसे इंजिनावर आणि चाकाच्या आऱ्यांवर पाणी धरते. क्रोमचा मुलामा स्वतः गंजत नाही हे खरे. पण त्यातल्या सूक्ष्म भेगांतून ओल खालच्या पोलादापर्यंत पोचते.

यावर निघालेले फुगीर आच्छादन दिसते मोठे गमतीचे. जाड प्लॅस्टिकची चटई अंथरून तिच्यावर मोटरसायकल उभी करतात आणि वरून पारदर्शक कवच घेऊन ते चेनने चटईला जोडतात. विजेचा लहानसा पंखा गाळणीतून हवा आत लोटू लागतो आणि थोड्याच वेळात त्या चुरगळलेल्या ढिगाचा तंबू उभा राहतो. त्याला खांब नाही, दोरी नाही. आतली हवा हाच त्याचा खांब. ताडपत्री वाऱ्याने हलली की तिच्याखालची धूळ रंगावर घासली जाते. येथे कवच वाहनाला टेकतच नाही.

हा बंद फुगा आहे, अशी पाहणाऱ्याची समजूत होते. तो बंद नसतो, हेच त्याचे मर्म. शिवणींतून आणि राखलेल्या छिद्रांतून हवा अखंड बाहेर जात असते व नवी आत येत असते. या वाहत्या हवेमुळे धातूचे उष्णमान भोवतालच्या हवेच्या जवळ राहते आणि थोडे दंव पडलेच तर ते सुकून जाते. मात्र पंखा हवा हलवितो, ती कोरडी करीत नाही.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याकडील निवाडा सोपा होतो. दिल्ली-ग्वाल्हेरकडील उन्हाळ्याच्या धुळीत हा तंबू उत्तम. परंतु मुंबई, रत्नागिरी, पणजी येथे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेचीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तीच हवा गाळून आत भरली तर धूळ अडेल, ओल अडणार नाही. शिवाय वीज गेली की तंबू खाली बसणार. त्या किनाऱ्यावर पंख्यावाचूनची घट्ट बंद पिशवी आणि तिच्यात ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे हा साधा उपाय अधिक भरवशाचा. दाणे मधूनमधून तापवून वाळविण्याचा आळस मात्र करता कामा नये.

हा विचार केवळ श्रीमंती हौसेचा नव्हे. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी गाड्या तयार होऊ लागल्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. वडिलांनी वापरलेली तशी गाडी मुलगा परगावी नोकरीस असताना गावाकडच्या पडवीत उभी असते. तिच्या टाकीवरचा मूळ मुलामा एकदा पोखरला गेला की नवा चढविता येतो, जुना परत येत नाही.

आच्छादन कोणतेही असो, आत जाणारे वाहन धुऊन पूर्ण कोरडे केलेले असावे. नाहीतर आपणच ओल कोंडून ठेवतो. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करण्याची सवय घातकच, कारण जळालेल्या पेट्रोलातून निघणारे पाणी न तापलेल्या धुराड्यात साचते. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते व तेही ओल ओढून घेते. म्हणून कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवणे बरे. बॅटरी काढून निराळी ठेवावी. आणि पेट्रोलचा नळ झिरपत असेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी कोणत्याही आच्छादनाखाली ठेवूच नये.