सटवीचा लेख आणि जपानी चिठ्ठी

(मंडळाच्या करोल बाग येथील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



‘दैव आणि पुरुषार्थ’ हा विषय मला दिला गेला तेव्हा, मी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नव्हे, साधा बी. ए. झालेला सरकारी नोकर आहे, अशी सबब मी पुढे केली होती. ती चालली नाही. म्हणून ग्रंथांऐवजी आपल्या घरातल्याच एका विधीपासून आरंभ करतो.

मूल जन्मले की पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवी पुजण्याची आपल्याकडे चाल आहे. पाटा-वरवंटा मांडतात, पुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी श्रद्धा. ‘पाचवीला पुजलेले’ हा वाक्प्रचार त्यातलाच. कचेरीत तीसएक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला यातली एक गोष्ट विशेष वाटते : या हुकुमाची नक्कल संबंधितास कधीच मिळत नाही!

जपानात मात्र देवळात दैवाची लेखी प्रत हाती देतात. तिला ‘ओमिकुजी’ म्हणतात. डबा हलवायचा, भोकातून एक काडी बाहेर येते, तिच्यावरच्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. महाशुभापासून अशुभापर्यंत तिच्या प्रती असतात. दहाव्या शतकातील र्योगेन नावाच्या बौद्ध आचार्याने ही चाल घातली, असे परंपरा मानते. टोकियोच्या आसाकुसा भागातील सेन्सोजी मंदिरात अशुभ चिठ्ठ्या बऱ्याच निघतात असा लौकिक आहे. पण खरी मौज पुढेच आहे. चिठ्ठी वाईट निघाली तर माणूस सहसा ती घरी नेत नाही. आवारातल्या झाडाला, हल्ली बहुधा त्यासाठीच ताणलेल्या तारांना, ती घडी घालून बांधतो. पाइनच्या झाडाला जपानीत ‘मात्सु’ म्हणतात आणि वाट पाहणे यालाही ‘मात्सु’च. तेव्हा वाईट दैवाला तेथेच वाट पाहत ठेवून माणूस आपल्या कामाला निघून जातो.

आपल्या कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला फुले-पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. नकार आला म्हणून कोकणी माणूस मुकाट्याने घरी जातो, असे समजू नका. तो गाऱ्हाणे घालतो, प्रश्न बदलून पुन्हा विचारतो. आमच्या भाषेत हा पुनर्विचाराचा अर्ज!

या चालींना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. मात्र सटवीचे नाव सांगून आजारी मुलाला वैद्याकडे न नेणारे लोकही मी पाहिले आहेत, आणि त्यांना क्षमा करणे मला जमत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही; पण त्याचा क्रम पाचवा आहे. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले, ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या दहाव्या प्रकरणाचे नावच ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे आहे. कोठडीत बसलेल्या माणसाने आत्मस्वातंत्र्यावर लिहावे, याचे मला आजही नवल वाटते.

आता थोडे घरचे सांगतो. आमची कन्या १९९९ साली येथेच, करोल बागेत, जन्मली. तिची पाचवी आमच्या मातोश्रींनी साताऱ्याहून येऊन पुजली. मूल दोन वर्षांचे झाले तरी हाकेला वळेना. तपासणीत कळले, तिला ऐकू येत नाही. मातोश्री म्हणाल्या, “सटवीनं लिहिलं, त्याला कोण काय करणार!” मी संतापलो, बोलू नये ते बोललो. त्या गप्प राहिल्या. पुढच्याच आठवड्यापासून मात्र, आम्ही दोघे नोकरीवर जाणारे म्हणून, नातीला कडेवर घेऊन त्या स्वतः बोलणे शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊ लागल्या. हिंदीचे चार शब्द येणारी ती बाई पूसा रोडवरून बस धरून, डिसेंबरच्या धुक्यातसुद्धा, चार वर्षे गेली. एकदा मी विचारले, “आई, लिहिलेलं टळत नाही म्हणतेस, मग ही पायपीट कशासाठी?” त्या म्हणाल्या, “लिहिलं तिनं. बस काय ती धरून देणार आहे?”

पुढे एका सहकाऱ्याने जपानहून ‘दारुमा’ नावाची लाल, गोल बाहुली आणून दिली. आपल्या भारतातून गेलेल्या बोधिधर्माची ती प्रतिमा. पाडली तरी उठून बसते. विकत घेताना तिचे दोन्ही डोळे कोरे असतात. मनात काही धरले की एक रंगवायचा, ते तडीस गेले की दुसरा. आमच्या कन्येने सातव्या वर्षी एक डोळा रंगवला. मनात काय धरले होते, ते आजीला ठाऊक असावे, आम्हाला नाही. मातोश्री जाऊन आता बरीच वर्षे झाली. दुसरा डोळा अजून कोराच आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत ती बाहुली पुसण्याचे काम आमची कन्या दुसऱ्या कोणाला करू देत नाही.