भिवंडींतील घर : भाव आणि पाया



‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घरधनी स्वतः उभा राहून पाया खणवून घेई. आजचा गृहस्थ घर बांधीत नाहीं. तयार घर विकत घेतो. पाया त्याच्या दृष्टीस पडत नाहीं, म्हणून त्याला कागद पाहावे लागतात. तें पाहणें किती निकडीचें आहे, हें भिवंडीच्या अनुभवावरून कळून येईल.

कामवारी नदीच्या कांठचें हें शहर यंत्रमागांसाठीं देशभर प्रसिद्ध आहे. २०११ च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या ७ लक्ष ९ हजारांवर भरली. मुंबई-नाशिक हमरस्ता जवळून जात असल्यामुळें भोंवतालच्या शेतांत आतां प्रचंड गोदामें उभीं आहेत. मागावरचा कामगार, गोदामांतला कारकून आणि ठाण्यांतील भाव न परवडणारा नोकरदार, असे तिघेही येथें घर शोधतात. नोकरदारानें एक गोष्ट आधींच ध्यानांत घ्यावी. भिवंडी रोड हें स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे. तेथून मुंबईस थेट लोकल जात नाहीं. बहुतेक जण रस्त्यानें प्रथम ठाणें किंवा कल्याण गाठतात.

घर दिवसां एकदां पाहून भागत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं माग दोन पाळ्यांत अहोरात्र चालतात. म्हणून रात्रीं जाऊन त्यांची खडखड ऐकावी. भर पावसांत जाऊन कामवारीचें पाणी सखल वस्तींत कोठवर चढतें, तें पाहावें. आणि घरांतील गृहिणीला बरोबर न्यावें. विकणारा फरशीचें कौतुक सांगत असतांना ‘नळाला पाणी किती वेळ येतें?’ हा प्रश्न तीच विचारील, आणि उत्तर शेजारणींकडून पडताळून घेईल.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न इमारत उभी राहील कीं नाहीं, हा आहे. २१ सप्टेंबर २०२० रोजीं उत्तररात्रीं पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली. ती १९८४ सालची होती. झोपेंत असलेलीं ३५ हून अधिक माणसें, त्यांत कित्येक मुलें, दगावलीं. पुढें २९ एप्रिल २०२३ रोजीं वळपाड्यास खालीं गोदाम आणि वर बिऱ्हाडें असलेली इमारत पडली. तींत आठ जण गेले.

म्हणून जुनें घर घेणारानें इमारतीचें वय विचारावें. ३० वर्षें उलटलेल्या इमारतीची तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी करून घेणें महानगरपालिका कायद्यानें आवश्यक आहे. त्या तपासणीचा दाखला मागावा. नवें घर घेतांना सातबारा, बांधकामाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावें. भोंवतालच्या अनेक गांवांचें नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. तेथें ग्रामपंचायतीच्या कागदावर विसंबूं नये. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. या एका गैरसमजापायीं अनेकांची जन्माची पुंजी अडकते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें ५०० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक घरांच्या नव्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते. नोंदणीकृत करार झाल्यावांचून किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेतां येत नाहीं. ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधकामांत दोष निघाल्यास तो त्यानें स्वखर्चानें दूर करावयाचा असतो.

स्वस्त घर शोधणारा मनुष्य मूर्ख नसतो. त्याची मिळकतच तेवढी असते. भाव ऐकून त्याचें मन हरखतें आणि कागद मागण्यास तो संकोचतो. हा संकोच त्यानें सोडावा. भिंतींचा रंग मागाहूनही बदलतां येतो. पाया बदलतां येत नाहीं, आणि त्या छपराखालीं त्याचीं मुलेंबाळें निजावयाचीं असतात.