शनिवार तेल्यांचा घाणा



ठाण्यातले बेने इस्रायलींचे सिनेगॉग १८७९ चे. हे ज्यू लोक मूळ कुलाब्याकडचे, आडनावे पेणकर, रोहेकर. पिढ्यान्पिढ्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. गावचा तीळ गावातच गाळला जाई, पेंड गावच्याच गोठ्यात. पुढे पोरे शिकली, नोकरीला लागली. १९४८ नंतर बरेचजण इस्रायलला गेले.

आपले काय? क्विंटलभर कापसात साठ-पासष्ट किलो सरकी. ती जिनिंगवाल्याच्या दारात जाते आणि पेंड आपणच विकत आणतो. सरकीचे तेल शुद्ध केल्याशिवाय खाता येत नाही, ते घाण्याचे काम नव्हे. पण ज्वारीतली करडई? ती तरी पोत्यानिशी बाजारात का ओतायची?

कुणाकडे जुना घाणा पडून असेल, तर पुढच्या बैठकीत सांगा.