जुन्या मोटारीचा प्लग



इंजिन म्हटले की लोकांना पिस्टन आठवतो, कार्ब्युरेटर आठवतो. बोटाएवढ्या स्पार्क प्लगची फिकीर कोणी करीत नाही. परंतु शंभर वर्षे टिकलेले इंजिन चुकीच्या प्लगाने एका दुपारी निकामी होऊ शकते. म्हणून आज आम्ही त्याच्याविषयीच बोलावयाचे योजिले आहे.

उदाहरण फोर्डच्या मॉडेल ‘टी’चे घेऊ. ही गाडी १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती. तिचा प्लग अर्ध्या इंचाचा, असे सांगतात. पट्टी लावून पाहावे, तर आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे ०.८४ इंच भरतो! यात लबाडी काही नाही. अर्धा इंच हे माप नळाचे आहे. आपल्या घरातला अर्धा इंची नळही बाहेरून असाच जाड निघेल. आटेही नळाचेच, टोकाकडे निमुळते, इंचाला चौदा. पुढे आलेल्या मॉडेल ‘ए’चा प्लग मात्र सात-अष्टमांश इंचाचा, त्याचे आटे सरळ आणि इंचाला अठरा. दोन्ही हातात घेतले तर सख्खी भावंडे वाटतात. दुकानदार निःशंकपणे एकाऐवजी दुसरा देतो, मिस्त्री लांब पाना लावतो, आणि बिडाच्या हेडचे आटे जातात. तेव्हा आटे मोजावेत. नजरेच्या अंदाजावर जाऊ नये.

माप जुळले तरी उष्णतेचा प्रश्न उरतोच. प्लगाच्या आत चिनीमातीचे जे टोक असते ते लांब असेल, तर उष्णता सावकाश बाहेर पडते व टोक तापलेले राहते. आखूड असेल तर ते लवकर निवते. जुन्या इंजिनांत दाब कमी आणि वर चढणारे तेल फार. तेथे थंड प्लग बसविला की काजळी जमते, वीज तिच्यावरूनच निसटते आणि ठिणगी पडत नाही. उलट प्लग अति उष्ण निघाला तर लाल झालेले टोक पेट्रोलाचा वायू वेळेआधीच पेटविते. मग पिस्टनची धडगत नाही.

आकड्यांचीही गंमत आहे. चँपियनच्या प्लगांत आकडा वाढला की प्लग उष्ण, एनजीकेच्या प्लगांत आकडा वाढला की थंड! चँपियन हे नावही एका माणसाचे. आल्बर्ट चँपियन हा सायकलपटू. १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत त्याने जिंकली होती. पुढे नावावरून भागीदारांशी तंटा झाला व त्याला आपल्या नव्या प्लगावर नुसती ‘एसी’ ही आद्याक्षरे घालावी लागली.

मॉडेल ‘टी’ला मूळचा प्लग चँपियन ‘एक्स’. तो खोलून साफ करता येतो, त्यामुळे जुना मिळाला तरी, चिनीमातीस तडा नसेल तर, खुशाल घ्यावा. फट इंचाच्या एक-बत्तिसांश ठेवावी. निमुळते आटे पाचरीसारखे आपोआप आवळतात, त्यांना वॉशर लागत नाही. प्लग घट्ट बसला की पाना खाली ठेवावा.