घर माणसाचे, जंगल बिबट्याचे



कान्हेरीची लेणी पाहायला आपण जातो ती वाट बिबट्यांच्या जंगलातून जाते. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, आणि त्याच्या तिन्ही अंगांनी शहर.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तेथील झोपड्या हटवण्याचा आदेश दिला. १९९५ पूर्वीच्या पात्र कुटुंबांना सात हजार रुपये भरून पर्यायी घर मिळणार होते. नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराने ते आणायचे कोठून? आधी जागा सुचवली कल्याणकडे. घरे पुढे चांदिवलीत झाली. झोपड्या मात्र आधीच पाडल्या होत्या. जंगलाच्या काठावरचे टॉवर 'निसर्गाच्या सान्निध्यात' म्हणून विकले जातात, ते वेगळेच!

आम्ही बिबट्याच्या विरोधात नाही. २००४ साली त्याने अनेक बळी घेतले, हेही आम्ही विसरलेलो नाही. पण तो वस्तीकडे का येतो? उघड्या कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्रे हे त्याचे आयते भक्ष्य. एक पकडून दूर सोडला तर त्या हद्दीत दुसरा येतो. म्हणून आमचे मागणे साधे आहे. कचरा रोज उचलावा. पाड्यांत दिवे आणि घराजवळ संडास द्यावेत. अंधारात बाहेर बसलेले लहान मूल त्याला माणूस वाटत नाही. घर हाती दिल्याशिवाय कोणाचेही छप्पर काढू नये. आणि उद्यानाला लागून नवी इमारत उठण्यापूर्वी तिच्या कचऱ्याचे काय होणार, हे बिल्डरला विचारावे. झोपडीवाल्याला आजवर पुष्कळ विचारून झाले.